पहिल्या रांगेतला रुमाल

सिंगापूरला ऋतू नाहीत, अशी तक्रार इथे आलेला प्रत्येक मराठी माणूस पहिल्या वर्षी करतो आणि मग जन्मभर इथेच राहतो. बारा महिने तेच ऊन, तोच पाऊस, तोच घाम. मला विचाराल तर इथे एक ऋतू आहे, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळतो. ऑगस्टच्या सुमाराला एखाद्या संध्याकाळी लिफ्टमधून बाहेर पडावं आणि कॉरिडॉरमध्ये उदबत्तीचा आणि तिच्यामागून जळक्या कागदाचा वास यावा, की समजायचं, सातवा महिना लागला. हा चिनी पंचांगातला सातवा महिना. बहुतेक वर्षी आपला श्रावण लागतो तेव्हाच तो लागतो. अमावास्या तीच, चंद्रही तोच. या महिन्यात पलीकडच्या जगाचं दार उघडं राहतं आणि गेलेली माणसं आपापल्या घराकडे फिरकतात, असं इथले चिनी लोक मानतात. मग इमारतीखालच्या गवताच्या कडेला संत्री, भात, चहा मांडला जातो. कागदाचे कपडे, कागदाच्या चपला जाळल्या जातात, म्हणजे त्या पलीकडे पोचतात.

आमच्या पासिर रिसच्या फ्लॅटमध्ये ती राख थेट बाल्कनीत येते. नवरा खिडक्या लावत फिरतो आणि त्याच्यामागून मी त्या उघडत फिरते. त्याच्या ऑफिसच्या शर्टांवर काळे ठिपके पडतात, त्यावरून दर वर्षी आमचं एक ठरलेलं भांडण होतं. यंदा मात्र ते झालं नाही. यंदा त्याने एकही खिडकी लावली नाही, तेव्हा मलाच काळजी वाटली आणि बरं आहे ना, म्हणून विचारलं. घर फार शांत झालंय, असं काहीतरी तो पुटपुटला. जुई जाऊन तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता.

जुई म्हणजे आमची मुलगी. इथेच जन्मली, इथल्याच शाळेत शिकली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते आणि शेवटी सिंगापुरी 'लाह' लावते. मी अकाउंटंट, तिचा बाबा चांगी बिझनेस पार्कातल्या बँकेत. आकडे खाऊन आकडे पिणाऱ्या या घरात तिला जुन्या इमारतींचं वेड कुठून लागलं, कोण जाणे. आमच्या या शहरात इमारतीला जरा वय झालं की ती पाडून टाकतात. इथली ही मुलगी जुन्या भिंती जपायचं शास्त्र शिकायला इटलीत बोलोन्याला गेली. कॉलेज सुरू व्हायच्या आधी इटालियन भाषेचे वर्ग असतात, म्हणून ऑगस्टमध्येच गेली.

मी पोचवायला येते, म्हटलं होतं. आपल्याकडे मूल शिकायला बाहेर ठेवायचं म्हणजे कोणीतरी पोचवायला जातं. खोली बघायची, गादी हाताने दाबून बघायची, नळ सोडून बघायचा, मालकिणीला 'जरा लक्ष असू द्या' म्हणायचं आणि मग डोळे पुसत परतीची गाडी धरायची. हे सगळं झाल्याशिवाय मूल पोचलं असं मला वाटतच नाही. जुईने ऐकून घेतलं आणि "नो नीड, लाह. आय नॉट स्मॉल गर्ल," म्हणून विषय संपवला. बॅग भरताना मी निळ्या काठाच्या सुती रुमालांची चवड पुढे केली, तर ती हसत सुटली. रुमाल कोण वापरतं हल्ली? तिने मूठभर टिश्यूची पाकिटं बॅगेत कोंबली. मी तिचं लक्ष नाही असं बघून रुमाल कोपऱ्यात सरकवले, आणि तिचं लक्ष होतं हे दोघींनाही माहीत होतं.

पहिले दोन-तीन फोन उत्साहाचे होते. बोलोन्यात म्हणे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कमानींचे ओटे आहेत, वर छप्पर, खाली फरशी, आणि अख्खं गाव त्यांच्या सावलीतून चालतं. जुईला ते बघून काय आठवावं? आमच्या ब्लॉकपासून एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनपर्यंत जाणारी छपराची पायवाट. शेकडो वर्षांपूर्वीच्या त्या कारागिरांनी हे ऐकलं असतं तर हातोडे खाली ठेवले असते. मला मात्र बरं वाटलं. परक्या गावात ओळखीचं काहीतरी शोधणारी मुलगी तिथे रुजेल, असं मी नवऱ्याला सांगितलंसुद्धा. ती सांगत होती की कॉफी तिथे उभ्या उभ्याच पिऊन टाकतात, दुपारी दुकानं बंद होतात, खिडक्यांना हिरव्या झडपा आहेत आणि तिच्या खोलीमागच्या चर्चची घंटा वेळ सांगते की नुसतीच वाजते हे तिला अजून कळलेलं नाही.

मग एक फोन वेगळा आला. कॉलेजच्या खानावळीत तिने रिकामं टेबल बघितलं, त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि जेवण आणायला गेली. सिंगापूरच्या कुठल्याही हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, टेबलावर असं पाकीट ठेवलं की जागा तुमची झाली, देवसुद्धा तिथे बसत नाही. याला इथे 'चोप' करणं म्हणतात. मराठी कानाला हा शब्द मार खाल्ल्यासारखा लागतो, पण त्याच्यासारखा अहिंसक कायदा जगात नसेल. जुई ताट घेऊन परत आली तर तिच्या जागेवर चार मुलं बसली होती आणि त्यातला एक तिच्याच टिश्यूने नाक पुसत होता. वर त्याने तिला हसून 'थँक्यू' म्हटलं. मला ऐकताना हसू फुटणार होतं, इतक्यात पलीकडून हुंदका आला. ती उभ्याने जेवली होती, जिन्याजवळ, भिंतीकडे तोंड करून. वर्गात तिला काही समजत नव्हतं. खोलीत भांडं कुठलं वापरायचं इथपासून सगळं विचारावं लागत होतं. "आई, आय वॉन्ट टू कम होम," ती म्हणाली. त्यात 'लाह' नव्हतं.

ये, हा शब्द माझ्या जिभेवर आलेला होता. खरं सांगते, अगदी दातांपर्यंत आला होता. 'ये' म्हणणं किती सोपं आणि किती गोड. मी म्हटलं, उद्या बोलू, आधी झोप. फोन ठेवला आणि बाल्कनीत जाऊन बसले. खाली कोणीतरी पत्र्याच्या डब्यात कागद जाळत होतं. त्या वासाने मला कुठल्या कुठे नेलं. फार लांब नाही, एमआरटीने तासाभरावर. वुडलँड्सला.

मी इथे शिकायला आले तेव्हा कराडहून आले होते. माझे वडील, अण्णा, कराडच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना वाटेला लावून दिलं. कोणती गाडी कुठल्या फलाटाला लागणार हे लाउडस्पीकरवरून सांगायचं, आणि गाडी सुटली की ती फाटकातून वळेपर्यंत बघत राहायचं. स्वतः मुंबईच्या पलीकडे कधी गेले नाहीत. घरातही आम्ही बाहेर निघालो की 'प्रवाशांनी आपापल्या सामानाची काळजी घ्यावी' म्हणायचे. त्यांची चैन एकच, नाटक. गावात नाटक आलं की ड्युटी संपवून सगळ्यांच्या आधी पोचायचे, पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर आपला निळ्या काठाचा रुमाल टाकायचे आणि मग निवांत चहा प्यायला जायचे. पहिल्या रांगेतून नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो, मागच्यांना नुसतं नाटक दिसतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

मला सिंगापूरला प्रवेश मिळाल्यावर त्यांनी जाहीर करून टाकलं की मी पोचवायला येणार. स्टँडवरच्या चहावाल्यापासून डेपो मॅनेजरपर्यंत सगळ्यांना सांगून झालं. पासपोर्टसाठी फोटोसुद्धा काढून आणला. चैत्रातल्या एका दुपारी ते ड्युटीवरून आले, आईकडे पाणी मागितलं आणि ते प्यायच्या आतच गेले. भिंतीवर लावायला बरा फोटो शोधला तर सगळ्या फोटोंत ते कुणाच्या तरी मागे उभे. एकटे आणि समोर बघणारे असे एकाच फोटोत होते, पासपोर्टच्या. तोच मोठा करून घेतला. हाराच्या आतून ते अजूनही जरा बावरून बघतात, कुणी परदेशी साहेब कागद तपासत असल्यासारखे.

मी एकटीच आले. वुडलँड्सला एका फ्लॅटमध्ये मागची खोली मिळाली. मालकीणबाई गोह आंटी, विधवा, साठीच्या पुढच्या, आवाज चढा, मन मऊ, पण ते मऊ मन हुडकायला मला वेळ लागला. पहिल्या आठवड्यात मी सगळे ब्लॉक सारखेच दिसतात म्हणून भलत्याच इमारतीत शिरले आणि परक्या दाराला आपली किल्ली लावत बसले. आतून एका मलाय बाईंनी दार उघडलं, माझा चेहरा बघितला आणि काही न विचारता पाणी दिलं. वर्गात प्राध्यापकांचं इंग्रजी माझ्या डोक्यावरून जायचं. बाकीची मुलं हसली की मीही हसायची, एक क्षण उशिरा. ब्लॉकखालच्या बूथवरून फोन कार्ड घालून आईला फोन करायची. आई विचारायची, जेवलीस का. मी म्हणायची, हो.

पण खरं दुखणं हे नव्हतंच. भाषा येते, रस्ते कळतात, भात शिजतो. खरं दुखणं असं की मी सिंगापूरला आले होते, पण पोचले नव्हते. माझी गादी कुणी दाबून बघितली नव्हती. आंटींना कुणी 'जरा लक्ष असू द्या' म्हटलं नव्हतं. अण्णांनी न बघितलेल्या गावात आपण राहतोय, ही गोष्ट मला दिवसरात्र टोचायची आणि वडील गेल्यापासून डोळ्यांतून पाणी मात्र एकदाही आलं नव्हतं. मी मनाशी ठरवलं की गणपतीला घरी जायचं आणि परत यायचं नाही. आईला सांगायचा धीर झाला नाही. फक्त गोह आंटींना सांगितलं की खोली सोडणार आहे. त्यांनी टीव्हीवरची नजर न काढता, आधी जेवून घे, एवढंच म्हटलं.

त्याच आठवड्यात सातवा महिना लागला. आंटींनी मला सांगून ठेवलं होतं की संध्याकाळी खालच्या मैदानात गाण्यांचा कार्यक्रम आहे, तू पुढे हो, मी पूजा आटपून येते. मी कॉलेजातून परतले तर दोन ब्लॉकच्या मधल्या मैदानात मोठा रंगमंच उभा, दिव्यांच्या माळा, कर्णे, आणि लाल प्लास्टिकच्या खुर्च्या गच्च भरलेल्या. मागे माणसं उभी होती. आणि पहिली रांग? पूर्ण रिकामी. एक माणूस नाही.

कराडच्या माणसाला याहून मोठं भाग्य कोणतं? माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला काहीतरी नीट येत होतं. मी मधून वाट काढत थेट पुढे गेले, अगदी मध्यावरची खुर्ची निवडली, बसले, आणि शेजारच्या खुर्चीवर आंटींसाठी रुमाल टाकला. तो रुमाल अण्णांचाच होता, निळ्या काठाचा. रंगमंचावर चमचमत्या झग्यातली बाई गात होती, तिचा सूर मला बघून एकदम हलला. मागे कुजबुज सुरू झाली. एका लहान मुलीने माझ्याकडे बोट केलं आणि तिच्या आईने ते घाईघाईने खाली केलं. मला वाटलं, परदेशी मुलगी म्हणून बघत असतील.

मग कुणीतरी माझं मनगट धरलं. गोह आंटी होत्या. ओरडतील असं वाटलं, पण त्या वाकून अगदी हळू म्हणाल्या, "नॉट अवर सीट, गर्ल." त्यांनी रुमाल उचलला आणि मला दुसऱ्या रांगेत नेऊन बसवलं. ही रांग कुणाची, असं मी विचारलं. जे महिनाभरासाठी परत येतात त्यांची, असं त्यांनी सांगितलं. गेलेल्यांना गाणी आवडतात, म्हणून कार्यक्रम त्यांच्यासाठी, आपण नुसते मागे बसून ऐकायचं. त्यांचा नवरा उजवीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसतो, असंही त्या म्हणाल्या, अगदी सहज, तो सिगारेट ओढायला गेला असल्यासारखं.

मला कसला तरी राग आला. असा राग येतो याची लाजही वाटली. मी जरा तिरकसपणेच विचारलं की हे फक्त तुमच्याच लोकांसाठी असेल ना.

आंटी हसल्या. "एनीबडी कॅन कम. दे डोन्ट नीड पास, लाह."

हे वाक्य समजायला मला वेळ लागला. पास, परमिट, पासपोर्ट यांच्याशिवाय या देशात झाडसुद्धा उगवत नाही असं माझं तोवर मत झालेलं. आणि भिंतीवरचा तो बावरलेला फोटो डोळ्यांपुढे आला. मी कसंबसं म्हटलं, "माझे वडील मला पोचवायला येणार होते."

आंटींनी माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या रुमालाकडे. त्या उठल्या, पहिल्या रांगेत गेल्या, माझ्या बरोब्बर पुढच्या खुर्चीवर तो रुमाल पसरला आणि हाताने सारखा केला. खुर्ची हलवून बघितली, डगमगत तर नाही ना. मग येऊन माझ्याशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "देन मस्ट चोप फॉर हिम."

चैत्रापासून न आलेलं रडू तेव्हा आलं. चारचौघांत, कर्ण्यांच्या दणदणाटात, शब्दही न कळणाऱ्या गाण्यावर मी पोटभर रडले. कुणी वळून बघितलं नाही. या महिन्यात दुसऱ्या रांगेत बसून कुणी ना कुणी रडत असतंच, हे मला नंतर कळलं. गाणारी बाई जरा जास्तच चमकत होती, पण अण्णांना ती आवडली असती. तिच्या कपाळावरचा घाम त्यांच्या जागेवरून अगदी स्वच्छ दिसत असणार.

कार्यक्रम संपल्यावर मी रुमाल उचलला आणि आंटींच्या मागून घरी चालत गेले. त्या रात्री खोलीत गादीवर बसले तेव्हा ती खोली पहिल्यांदा माझी वाटली. दुसऱ्या दिवशी आईला फोन केला आणि गणपतीला येत नाही, दिवाळीला बघू, असं सांगितलं. का, ते सगळं सांगितलं. आईने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे ते पोचले म्हणायचे." आणि मग विचारलं, जेवलीस का. मी म्हटलं, हो. त्या दिवशी ते खरं होतं.

पुढचं काय सांगायचं? शिकले, नोकरी लागली, लग्न झालं, जुई झाली, पासिर रिसला घर घेतलं. गोह आंटी काही वर्षांपूर्वी स्वतःच पहिल्या रांगेत गेल्या, उजवीकडून चौथी खुर्ची. मी दर वर्षी सातव्या महिन्यात वुडलँड्सला जाते. मैदान तेच आहे, दिवे बदलले, गाणाऱ्या बायका आणखी चमकू लागल्या. दोन खुर्च्यांच्या मागे बसायचं म्हणजे हल्ली मान इकडेतिकडे करावी लागते. जुईला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, आईला चिनी गाण्यांचा शौक आहे, आणि माझ्या आवडीबद्दल तिला वाईट वाटायचं.

तर दुसऱ्या दिवशी मी जुईला फोन लावला. तिने आधीच तिकिटं बघून ठेवली होती. मी ये म्हटलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही. आधी हे ऐक, म्हटलं, आणि कराडपासून सुरुवात केली. अण्णा, स्टँड, नाटक, रिकामी रांग, आंटी, सगळं. रुमालाशी आले तेव्हा फोन तसाच धरून मी पाणी प्यायले. ती तोवर थांबली. "तू मला कधी सांगितलं नाहीस," ती शेवटी म्हणाली, आणि हे ती मराठीत म्हणाली. तिकिटाबद्दल ती बोलली नाही. मीही विचारलं नाही.

मधले दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. फोनवर एखाद-दुसरी ओळ यायची. जेवले. वर्गाला जाते. आज पाऊस. नवरा मला विचारायचा, काही म्हणाली का, आणि मी त्याच्यावर चिडायची, कारण तेच मी स्वतःला विचारत होते. यंदा वुडलँड्सला गेले तेव्हा पहिल्यांदाच मी अण्णांकडे काही मागितलं. म्हटलं, मला येऊ दिलं नाही तिने. तुम्हाला काही पास लागत नाही. एकदा जाऊन गादी तेवढी बघून या.

परवा सकाळी उठून चहा टाकला आणि फोन बघितला, तर आम्ही झोपेत असताना तिचा फोटो येऊन पडला होता. जुन्या विटांच्या इमारतीचं अंगण, सगळीकडून कमानी, संध्याकाळचं पिवळं ऊन. विद्यार्थ्यांचा कसला तरी वाद्यवृंद व्हायोलिनं लावत बसला होता. फोटो दुसऱ्या रांगेतून काढलेला. पुढे पहिल्या रांगेत माणसं खचाखच, आणि मधोमध एक खुर्ची रिकामी. तिच्यावर निळ्या काठाचा रुमाल, चारी कोपरे सारखे केलेले.

खाली तिने लिहिलं होतं की गोडा मसाला पाठव, जास्त पाठव, मैत्रिणींनाही आवडलाय. मी नवऱ्याला हाक मारली. तो दाढीचा फेस तसाच घेऊन आला आणि आम्ही दोघं त्या एवढ्याशा पडद्यावर वाकलो. मसाल्याच्या खाली आणखी दोन ओळी होत्या, रोमन अक्षरांत, पण मराठी.

"एक आजी आली. विचारलं, इथे कोणी आहे का?

मी म्हटलं, आहेत."